खोलता-जोडता न येणारं हत्यार

प्रिंटर छापत नाही तेव्हा ऑफिसात पहिली शिवी लिनक्सला बसते आणि दुसरी क्लार्कला. दोघंही निर्दोष आहेत. खरा गुन्हेगार सीलबंद खोक्यातून येतो, त्याच्यासोबत वॉरंटीचा कागद असतो आणि आपणच सही करून त्याला स्टोअरमध्ये जमा करून घेतो. त्याचं नाव बंदिस्त ड्रायव्हर. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: ज्या प्रिंटरची भाषा कंपनीने कुलपात ठेवली आहे, तो प्रिंटर सरकारी पैशाने घेऊ नये, फौजेने तर मुळीच घेऊ नये आणि पेन्शनच्या पैशातून आपणही घेऊ नये.

प्रिंटरसारख्या वस्तूवर एवढा दारूगोळा कशाला, असं काही जण म्हणतील. ज्यांनी युनिटमध्ये नोकरी केली आहे ते म्हणणार नाहीत. फौज पोटावर चालते असं म्हणतात, पण त्या पोटापर्यंत रेशन पोहोचायला इंडेंट लागतो आणि इंडेंट कागदावर असतो. सुट्टीचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंट, पार्ट टू ऑर्डर, सगळा कागदच. जवानाचं लग्न झालं, मूल झालं आणि त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी ते लग्नही नाही आणि मूलही नाही. पुढे पेन्शनच्या वेळी विधवेला त्या एका कागदासाठी किती हेलपाटे पडतात, हे माजी सैनिकांना मी सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. रंगरूट भरती झाला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याला उस्ताद ‘खोलना-जोडना’ शिकवतो. रायफल खोल, पुर्जे ओळीने मांड, साफ कर, परत जोड. पुढे डोळ्यांवर पट्टी बांधून तेच. यामागचं कारण साधं आहे. रात्री, पावसात, शत्रूसमोर रायफल अडकली तर कारखान्याचा माणूस येणार नाही. जे हत्यार जवानाला स्वतः खोलता येत नाही ते हत्यार त्याचं नाही, ते कारखान्याचंच आहे. जवान फक्त ते वाहून नेतो.

दुसरी गोष्ट काडतुसाची. ५.५६ x ४५ मिलिमीटर हे माप ठरलेलं आहे, जगजाहीर आहे. गोळी कोणत्या कारखान्यात बनली हे रायफल विचारत नाही. उद्या एखाद्या कंपनीने म्हटलं, की आमच्या रायफलीत फक्त आमचीच गोळी बसेल, तिचं माप गुप्त आहे आणि ती भरण्याचं यंत्र आमचा माणूस येऊन लावून देईल, तर ती रायफल कोणता जनरल घेईल? प्रिंटरच्या बाबतीत मात्र आपण हाच सौदा वर्षानुवर्षं मुकाट्याने करत आलो आहोत.

ज्यांना यातलं तंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर म्हटलं की आपल्याला एमटी प्लॅटूनचा ड्रायव्हर आठवतो. तो कोणत्याही गाडीत बसवा, क्लच, ब्रेक, गिअर ठरलेल्या जागी असतात, तो गाडी काढतो. प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणक पान तयार करतो आणि दुभाषा ते प्रिंटरच्या भाषेत सांगतो. पूर्वीच्या बऱ्याच चांगल्या प्रिंटरांना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा ठरलेल्या, दस्तऐवज उपलब्ध असलेल्या भाषा समजायच्या, त्यामुळे दुभाषा कोणीही लिहू शकत असे. पुढे स्वस्त प्रिंटर आले. त्यांच्या पोटातली अक्कल काढून घेतली आणि पानाचा एकेक ठिपका मांडायचं काम संगणकावर ढकललं. ते ठिपके कोणत्या गुंडाळीत पाठवायचे, ती गुंडाळी मात्र प्रत्येक कंपनीने आपली आपली आणि गुप्त ठेवली. काही मॉडेल तर एवढी रिकामी, की बटण दाबून सुरू केलं की दरवेळी संगणकाकडून स्वतःचं फर्मवेअर मागून घेतात. म्हणजे संत्री रोज सकाळी उठून विचारतो, माझं नाव काय?

लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स नावाची यंत्रणा पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. २००२ मध्ये अ‍ॅपलने तीच यंत्रणा आपल्या मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला, तोही मुक्त ठेवून. म्हणजे मॅकवर झकास छापणारा प्रिंटर आणि लिनक्सवर रुसणारा प्रिंटर, दोन्हीच्या मागे छपाईची यंत्रणा एकच आहे. तेव्हा ‘लिनक्सला छपाई जमत नाही’ ही तक्रार तिथेच निकालात निघते. एका दारातून कंपनीने दुभाषा पाठवला, दुसऱ्या दारातून पाठवला नाही, किंवा अर्धवट पाठवला. एवढाच फरक.

अर्धवट म्हणजे काय, ते एका अनुभवाने सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही आणि जागाही नेमकी सांगत नाही. अरुणाचलात, बोमडिलाच्या वरच्या अंगाला आमची पोस्टिंग होती. चौदा जणांची लीव्ह पार्टी पहाटेच्या कॉन्व्हॉयने खाली उतरणार होती. तिथे कॉन्व्हॉय चुकणं म्हणजे पुढच्याची वाट पाहणं, रस्ता बंद झाला तर आणखी थांबणं आणि गुवाहाटीहून लोकमान्य टिळक टर्मिनसला येणाऱ्या गाडीचं आरक्षण हातचं जाणं. पुढची बर्थ मिळेपर्यंत सुट्टीचे दिवस कापूर जळावा तसे जळतात. जुना प्रिंटर आठवड्यापूर्वी कायमचा बसला होता. नवा खोक्यातून काढला, सोबतच्या सीडीवरचं ‘लिनक्ससाठी’ असं लिहिलेलं पॅकेज बसवलं. पॅकेज बसलं. प्रिंटरचं नाव यादीत आलं. छापायला दिलं की एकच उत्तर: ‘फिल्टर फेल्ड’.

मी टेक्निकल ट्रेडचा, म्हणून रात्री मला बोलावणं आलं. लॉग उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं, अशी फाइल अस्तित्वात नाही. आमचा ओडिशाचा हवालदार क्लार्क स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, “साहब, फाइल तो सामने पडी है, और ये बोलता है फाइल नहीं है.” त्याचं बरोबर होतं. फाइल तिथेच होती. पण ती ३२ बिटची होती आणि आमची प्रणाली ६४ बिटची. अशी फाइल चालवण्यासाठी आधी ३२ बिटचा एक लोडर लागतो. तो नसला की यंत्र लोडरचं नाव सांगत नाही, फाइलच नाही म्हणून मोकळं होतं. ज्याला हे ठाऊक नाही तो रात्रभर फाइल शोधत बसेल. लोडर आणि त्याच्या लायब्ररी इंटरनेटवर मिळतात. आमच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं आणि असायलाही नको होतं. पेन ड्राइव्हला बंदी, आणि ती बंदी योग्यच आहे.

शेवटी क्लार्कने कार्बन पेपर काढला. चौदा दाखले त्याने वळणदार अक्षरात हाताने लिहिले, साहेबांनी सह्या केल्या, गोल शिक्के बसले. साताऱ्याकडचा एक नाईक त्यात होता, घरी बहिणीचं लग्न. तो कॉन्व्हॉयमध्ये चढला तेव्हा दाखल्यावरची शाई पुरती वाळलीही नव्हती. प्रिंटर मात्र अकरा दिवसांनी, रीतसर मंजुरीने दुसरी सीडी येईपर्यंत टेबलावर शोभेला होता. पैसे भरून झाले होते, ‘चालू स्थितीत मिळाला’ अशी नोंदही झाली होती.

यात लिनक्स कुठे चुकलं? क्लार्क कुठे चुकला? खोक्यावर लिनक्स लिहून जुनं पॅकेज सीडीवर टाकणाऱ्याला कोणीही जाब विचारला नाही. तो सोर्स कोड आमच्याकडे असता, तर तिथल्या तिथे ६४ बिटसाठी पुन्हा बांधता आला असता. कुलूप होतं, किल्ली हजारो किलोमीटरवर होती.

हे दुखणं नवं नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच एका प्रिंटरच्या पोटी जन्माला आली असं म्हणतात. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. नव्याचा सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवलं. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागच्या कारणांत ही चीड होती. चाळीस वर्षं उलटली, आणि आपण अजून त्याच खोलीत उभे आहोत.

आता कंपन्यांची बाजू ऐकू. ते म्हणतात, आमच्या संशोधनाची गुपितं आहेत, आणि लिनक्सचे इतके प्रकार, प्रत्येकासाठी ड्रायव्हर लिहिणं परवडत नाही. पहिल्या मुद्द्याला उत्तर: तुमची शाई, टोनर, ड्रम यांचं गुपित कोणीच मागत नाही. पान तुमच्या हातात कसं द्यायचं, एवढंच सांगा. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर इतिहासाने दिलं आहे. २०१० मध्ये अ‍ॅपलने एअरप्रिंट आणलं. आयफोनवर कोणाला ड्रायव्हर बसवता येत नाही, तेव्हा छापायचं असेल तर प्रिंटरनेच ठरलेली भाषा बोलायला हवी, असा तो मामला होता. जे प्रिंटरवाले आम्हाला ‘परवडत नाही’ म्हणत होते ते पटापट ती भाषा शिकले. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया नावाची आघाडी काढली, तीही फोनवरून सरळ छापता यावं म्हणून. त्याच वर्षी प्रिंटर वर्किंग ग्रुपने आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक जाहीर केलं. त्याचा पाया असलेला आयपीपी हा प्रोटोकॉल तर १९९९ पासून कागदावर आहे. म्हणजे परवडतं. गिऱ्हाईक ठाम असलं की सगळं परवडतं. आयफोन ठाम होता, आपण नाही.

एचपीचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. त्यांचं एचपीलिप हे लिनक्ससाठीचं पॅकेज मुक्त आहे, आणि त्याबद्दल त्यांना सलाम केला पाहिजे. पण त्यांच्या काही मॉडेलना वर एक बंद प्लगइन लागतं. ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं आणि त्याची आवृत्ती पॅकेजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. प्रणाली अद्ययावत केली की प्लगइन पुन्हा शोधा. इंटरनेट नसलेल्या खोलीत हे काय दुखणं आहे, ते तिथे बसलेल्याला विचारा. एकाच कंपनीची दोन मॉडेल शेजारी ठेवलीत, तर एक मुकाट्याने छापेल आणि दुसरं प्लगइन मागेल. खोक्यावरून फरक कळत नाही.

‘मग विंडोजच वापरा’ हा सल्ला देणारेही भेटतात. २०२१ च्या जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड विंडोजच्या छपाई यंत्रणेत सापडलं, आणि ते नेमकं ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेतलं होतं. मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं, की कंपन्यांच्या वेगवेगळ्या ड्रायव्हरांना दिलेला आधार आम्ही टप्प्याटप्प्याने काढून घेणार आणि आयपीपीकडे जाणार. ज्या किल्ल्यात आश्रय घ्यायला सांगता, त्याचा किल्लेदारच दार बदलतो आहे.

खुल्या यंत्रणेत भोकं नसतात असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्सच्या परिवारातल्याच भागांत गंभीर त्रुटी उघडकीला आल्या. त्या उघडकीला आल्या कारण कोड सगळ्यांसमोर होता, आणि दुरुस्त्याही सगळ्यांसमोर आल्या. बंद ड्रायव्हरचं काय? ते पॅकेज बसवताना रूटचा, म्हणजे संगणकातला सर्वोच्च, अधिकार मागतं. आत काय आहे हे कोणी वाचू शकत नाही. गेटवर आपण ट्रकच्या ताडपत्रीखाली टॉर्च मारतो, दूधवाल्याचा पास तपासतो, आणि हा सीलबंद पाहुणा थेट ऑप्स रूमपर्यंत सलाम घेत जातो.

सरकारचं धोरण तर आपल्याच बाजूचं आहे. २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण आलं. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस ही आपली लिनक्स प्रणाली २००७ पासूनच दिली आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ प्रणाली बसवत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. चांगलंच आहे. पण प्रणाली स्वदेशी आणि तिच्या शेजारचा प्रिंटर मात्र परकीय किल्लीवर, हा कसला आत्मनिर्भर कारभार? गोम खरेदीत आहे. प्रिंटर ‘हार्डवेअर’ म्हणून येतो. मिनिटाला किती पानं, दोन्ही बाजूंनी छापतो का, वॉरंटी किती वर्षं, एवढं पाहायचं आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाला, निवडायचा. त्याच्या भाषेबद्दल रकानाच नसतो, म्हणून सर्वांत मुका प्रिंटर सर्वांत स्वस्त ठरतो. वाचलेले दोन-चार हजार रुपये पुढे क्लार्कच्या रात्रींतून वसूल होतात; त्या रात्रींचं बिल कुठल्याच ऑडिटमध्ये येत नाही.

माजी सैनिकांसाठीही हे दूरचं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरचे कित्येक धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नातू त्यावर लिनक्स बसवून देतो, लॅपटॉप पुन्हा धावायला लागतो, स्पर्शचं पोर्टल उघडतं, पेन्शन स्लिप दिसते. ती छापायला गेलं की प्रिंटर हटून बसतो आणि दुकानदार नवा लॅपटॉप सुचवतो. लॅपटॉपचा दोष नाही, आजोबा. थोडी तपासणी करून पाहा.

आधी संगणकाला प्रिंटर दिसतो का ते बघा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. यादीत नाव नसेल तर वायर बदला, ड्रायव्हरला हात लावू नका. नाव असेल तर कंपनीचं पॅकेज शोधण्याआधी प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतो का ते पाहा. मॉडेल एअरप्रिंट किंवा मोप्रियाचं असेल तर नव्या लिनक्सवर तो बहुतेक वेळा आपोआप उमटतो. यूएसबीच्या वायरवर असेल तर ‘आयपीपी-यूएसबी’ हे छोटं पॅकेज हवं, स्कॅनिंगसाठी ‘सेन-एअरस्कॅन’. यातलं काहीच जमलं नाही, तर प्रिंटर मुका आहे असं समजा. मग ‘फिल्टर फेल्ड’ आलं की कप्सचा एरर लॉग वाचा. ‘फाइल नाही’ असं दिसलं आणि फाइल समोर असली, तर ३२ बिटचा तो किस्सा आठवा. परवानगीची तक्रार असेल तर फिल्टरची फाइल रूटच्या मालकीची आहे का ते पाहा. कोणालाही बदलता येईल अशी फाइल कप्स चालवत नाही. आणि रास्पबेरी पायसारख्या एआरएम संगणकावर असाल तर सोडून द्या, बंद ड्रायव्हर बहुधा इंटेल जातीच्या प्रोसेसरपुरतेच बांधलेले असतात.

काही मुक्या प्रिंटरांना स्वयंसेवकांनी बोलतं केलं आहे. वायरवरून जाणारे बाइट पकडायचे आणि गुप्त भाषा उलगडायची. सिग्नलवाल्यांना हे इंटरसेप्टचं काम ओळखीचं वाटेल. त्या लोकांचे उपकार आहेत. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची भाषा शत्रूच्या वायरलेससारखी चोरून ऐकावी लागावी, यातच सगळं आलं.

म्हणून मागणी एकच आणि ती चार ओळींत मावते. युनिटच्या बोर्डावर असाल, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असाल, शाळा, सोसायटी, पतसंस्था कुठेही खरेदीची सही तुमची असेल, तर अटींमध्ये हे लिहा: ‘प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर मानकाचा असावा. यूएसबी आणि नेटवर्क दोन्हींवर, कंपनीचं कोणतंही वेगळं सॉफ्टवेअर न बसवता, लिनक्सवरून छपाई व स्कॅनिंग व्हावं. पुरवठादाराने इंटरनेट नसलेल्या संगणकावर तसं करून दाखवावं. न दाखवल्यास माल परत.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रायफल रेंजवर चालवून पाहिल्याशिवाय आपण स्वीकारत नाही. प्रिंटरही एक पान छापून दाखवेपर्यंत ‘चालू स्थितीत मिळाला’ या रकान्यात सही करू नका.